फायबर घ्यावं की केबल? घरच्या इंटरनेटचा वेग आणि खर्च यांची तुलना कशी करायची

फायबर (काचेची तार) असो की केबल (टीव्हीची तांब्याची तार), घरासाठी इंटरनेट निवडताना बहुतेक जण दोनच आकडे बघतात: किती एमबीपीएस आणि महिन्याला किती पैसे. पण जाहिरातीतला वेग ही त्या लाइनची वरची मर्यादा असते आणि जाहिरातीतली किंमत पुष्कळदा पहिल्या काही महिन्यांचीच असते. आपण वापरतो तो रात्री नऊ वाजताचा वेग, आणि भरतो ते करार संपेपर्यंतचे सगळे पैसे. तुलना करायची ती या दोन गोष्टींची. त्यासाठी आठवडाभर थोडी मोजमापं, एक कोरा कागद आणि कंपनीला विचारायचे काही नेमके प्रश्न एवढंच लागतं.

पहिली पायरी: आत्ताची लाइन मोजा, तीही वायरने

नवीन कनेक्शनच्या शोधात निघालेल्यांपैकी कित्येकांची अडचण लाइनची नसतेच. ती असते वायफायची. राउटर एका टोकाच्या खोलीत, मोबाइल दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन भिंती. अशा घरात लाइन कितीही वेगवान आणली तरी शेवटच्या खोलीत फारसा फरक पडत नाही. म्हणून मोजमाप लॅपटॉप किंवा संगणक थेट राउटरला लॅन केबलने जोडून करा. वायफाय बंद, व्हीपीएन बंद, घरातली बाकीची डाउनलोडं थांबवलेली.

इथे एक खाचखळगा आहे. राउटरचा किंवा लॅपटॉपचा लॅन पोर्ट जुना, म्हणजे १०० एमबीपीएसचा असेल, तर तुमची लाइन ५०० ची असली तरी आकडा ९४-९५ च्या वर जाणार नाही. गिगाबिट पोर्ट असेल तर साधारण ९४० पर्यंत जातो. केबल कॅट-५ई किंवा त्यावरची हवी. लॅन केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटली असेल तरी दोन्ही यंत्रं पुष्कळदा आपसांत १०० वर तडजोड करतात आणि दिसायला सगळं ठीक चाललेलं असतं. चाचणीत आकडा वारंवार ९४ च्या आसपास अडकत असेल, तर कंपनीला फोन लावण्याआधी केबल बदलून बघा.

मोजायचं कशावर? ऊकलाची स्पीडटेस्ट सगळ्यांना माहीत आहे. ती सहसा जवळचा सर्व्हर निवडते आणि तो सर्व्हर पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. त्यामुळे घरापासून कंपनीपर्यंतचा रस्ता कसा आहे ते कळतं, पण कंपनीतून पुढे बाहेरच्या जगात जाणारा रस्ता कसा आहे ते कळत नाही. म्हणून सोबत फास्ट डॉट कॉम आणि क्लाउडफ्लेअरची चाचणीही करा. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची सेवा आहे आणि ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा ओढते. पहिल्या चाचणीत ३०० आणि बाकीच्या दोन्हींत ८० असं रोज रात्री दिसत असेल, तर तुमच्या घरापर्यंतची तार चांगली आहे. कंपनीने बाहेरची क्षमता कमी घेतली आहे. अशा वेळी त्याच कंपनीचा वरचा प्लॅन घेऊन काही साधत नाही.

दिवसातून तीनदा मोजा: सकाळी लवकर, दुपारी, आणि रात्री आठ ते अकराच्या दरम्यान. प्रत्येक वेळी चार आकडे लिहा. डाउनलोड, अपलोड, रिकाम्या लाइनवरचा पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) आणि लाइन भरलेली असतानाचा पिंग. चौथ्या आकड्याकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. रिकाम्या लाइनवर पिंग १५ मिलिसेकंद आणि कुणीतरी मोठी फाइल चढवत असताना ४०० असेल, तर व्हिडिओ कॉल अडखळणार, गेम अडकणार, साधी पानंही रेंगाळणार; आणि स्पीडटेस्टमधला मोठा आकडा मात्र झकास दिसत राहणार. राउटर किंवा मोडेम पाठवायच्या डेटाची लांबच लांब रांग साठवून ठेवतो, त्यामुळे हे होतं. इंग्रजीत याला बफरब्लोट म्हणतात. काही राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असते. ती चालू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या थोडी खाली ठेवली की ही रांग जवळजवळ नाहीशी होते. कधीकधी एवढ्यावरच नवीन कनेक्शनचा विषय संपतो.

बिट आणि बाइट

प्लॅन विकले जातात मेगाबिटमध्ये आणि फाइली मोजल्या जातात मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल उतरताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसतील, प्रत्यक्षात अकरा-साडेअकरा. यात फसवणूक नाही. ५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर उतरायला साधारण ६७ मिनिटं लागतात, ३०० वर २२ मिनिटं, आणि १००० वर सात मिनिटांच्या आसपास. अर्थात समोरचा सर्व्हर तेवढ्या वेगाने देत असेल तर.

दुसरी पायरी: खरी गरज किती?

नेटफ्लिक्स स्वतः फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरतात असं सांगतं. चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी २ ते ४ एमबीपीएस लागतात. ऑनलाइन गेम खेळताना डेटा फारच थोडा जातो, तिथे पिंग महत्त्वाचा. क्लाउडवर चित्रण पाठवणारा सुरक्षा कॅमेरा मात्र दिवसरात्र अपलोड खातो. फुल एचडी कॅमेऱ्याला साधारण २ ते ४ एमबीपीएस धरा आणि जितके कॅमेरे तितक्या पट.

आता घरातली सर्वांत गजबजलेली वेळ डोळ्यांसमोर आणा. दोन टीव्हींवर फोर-के, दोघांचे कॉल, एकाचा गेम, दोन कॅमेरे. डाउनलोडची बेरीज ५० च्या आत राहते. अपलोडची १५ च्या आसपास. वर मोबाइलची अपडेट आणि फोटोंचा बॅकअप यांसाठी दुप्पट जागा ठेवली तरी १०० डाउनलोड आणि ३० अपलोड एवढ्यात चार-पाच जणांचं घर आरामात चालतं. गिगाबिट प्लॅनचा उपयोग मोठमोठ्या फाइली रोज उतरवणाऱ्यांना किंवा चढवणाऱ्यांना. बाकीच्यांना तो आकडा समाधान देतो, वेग फारसा देत नाही. बेरीज केल्यावर अपलोडचाच आकडा अडचणीत येतो हे लक्षात आलं असेल. फायबर आणि केबल यांच्यातला सर्वांत मोठा फरक नेमका तिथे आहे.

तिसरी पायरी: घरात येणारी तार नक्की कसली आहे ते ओळखा

जाहिरातीत फायबर लिहिलं म्हणजे घरात फायबर येतं असं नाही. जवळपास प्रत्येक कंपनीच्या जाळ्यात कुठे ना कुठे फायबर असतंच. प्रश्न एवढाच की ते कुठपर्यंत येतं. घरापर्यंत, इमारतीच्या तळमजल्यापर्यंत, की गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत?

तार बघून ओळखता येतं. घरापर्यंत फायबर असेल तर शेवटची तार बारीक असते, बहुतेक वेळा टोकाला हिरवा चौकोनी कनेक्टर असतो आणि ती ओएनटी नावाच्या छोट्या डब्यात जाते. हल्ली पुष्कळदा ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. केबल असेल तर तार जाड व गोल, टोकाला पिळून बसवायचा धातूचा कनेक्टर आणि मधोमध तांब्याची सुई. तिसराही प्रकार आहे: इमारतीत कुठेतरी स्विच बसवलेला आणि तिथून प्रत्येक घरात नेहमीची लॅन केबल. याला फायबर म्हणून विकलं जातं, आणि नीट जोडणी असेल तर ते चांगलंही चालतं. फक्त तो स्विच १०० एमबीपीएसचा आहे की गिगाबिटचा, आणि वीज गेल्यावर त्याला बॅकअप आहे का, हे विचारून घ्या.

घरापर्यंतच्या फायबरमध्ये बहुतेक ठिकाणी जीपॉन हे तंत्र असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००३ पासून त्याची मानकं आणली. एका फायबरवर साधारण २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड मिळतो, आणि तो काचेच्या विभाजकातून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. म्हणजे फायबरही सामायिकच असतं. ‘फायबर फक्त तुमचं’ ही थाप आहे. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७ एमबीपीएसच्या आसपास येतील. पण सगळे एकाच क्षणी पूर्ण जोर लावत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात टंचाई क्वचित जाणवते. नव्या एक्सजीएस-पॉन तंत्रात दोन्ही दिशांना सुमारे १० जीबीपीएस असतात. तुमच्या भागात ते आलं असेल तर अर्थातच चांगलं, पण २०० चा प्लॅन घेणाऱ्याने त्यासाठी अडून बसण्याचं कारण नाही.

केबलची गोष्ट वेगळी. ही तार मुळात टीव्हीच्या वाहिन्या घरी पोचवण्यासाठी टाकली गेली. तिथे सगळी वाहतूक एकाच दिशेने, कंपनीकडून घराकडे. डॉक्सिस नावाचं मानक १९९७ मध्ये आलं आणि त्याच तारेवरून इंटरनेट धावू लागलं, पण परतीच्या वाटेला खालच्या फ्रिक्वेन्सीचा एक अरुंद पट्टा मिळाला: काही देशांत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, काही ठिकाणी ६५ पर्यंत. त्यावर टीव्हीच्या वाहिन्या बसलेल्या. त्यामुळे डॉक्सिस ३.० वर ६ मेगाहर्ट्झचे ३२ चॅनल एकत्र केले तर डाउनलोडची एकूण क्षमता १.२ जीबीपीएसच्या घरात जाते, आणि अपलोडची चार चॅनल मिळून जेमतेम १०० एमबीपीएस. ही क्षमताही एका घराची नाही. एका नोडवर, म्हणजे गल्लीतल्या वाटप-पेटीवर, शंभर-दोनशे किंवा त्याहूनही जास्त घरं असतात, आणि हे १०० एमबीपीएस त्या सर्वांत वाटायचे असतात. केबलचे प्लॅन ‘३०० डाउनलोड, २० अपलोड’ असे एकांगी का असतात याचं उत्तर हे आहे.

२०१३ च्या डॉक्सिस ३.१ ने हे बरंच सुधारलं. परतीचा पट्टा ८५ किंवा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत रुंद करता येतो आणि रांग आटोक्यात ठेवणारी यंत्रणा मोडेममध्येच असते, त्यामुळे लाइन भरली तरी पिंग फारसा उसळत नाही. डॉक्सिस ४.० मध्ये तर कागदावर १० जीबीपीएस डाउनलोड आणि ६ जीबीपीएस अपलोड आहे. पण रस्त्यावरचे ॲम्प्लिफायर आणि नोड बदलल्याशिवाय यातलं काही मिळत नाही. म्हणून केबल कंपनीला विचारायचा एकच प्रश्न निवडायचा असेल तर हा निवडा: आमच्या भागातला अपलोडचा पट्टा वाढवला आहे का, आणि माझ्या प्लॅनला लेखी अपलोड किती? विक्री करणाऱ्याला पट्ट्याचं कळलं नाही तरी अपलोडचा आकडा सांगावाच लागतो, आणि त्यावरून अंदाज येतो.

रिकाम्या लाइनवरचा पिंगही वेगळा असतो. फायबरवर घर ते कंपनी हा टप्पा काही मिलिसेकंदांत पार होतो. केबलवर मोडेमला पाठवण्याआधी परवानगी मागावी लागते, आणि त्यात साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. सिनेमा बघणाऱ्याला हा फरक कळणार नाही. स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला कळेल.

बंद पडण्याचा हिशेबही धरा

जीपॉनमध्ये कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. विभाजकाला वीज लागत नाही. त्यामुळे घरातली वीज गेली तर ओएनटी आणि राउटरला एक छोटा यूपीएस लावला की नेट सुरू राहतं. केबलच्या वाटेत नोड आणि ॲम्प्लिफायर असतात, त्यांना वीज हवी. त्यांचा बॅकअप संपला की तुमच्या घरातला यूपीएस निरुपयोगी. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते आणि जे घरून काम करतात, त्यांच्यासाठी फायबर निवडण्याचं हे वेगापेक्षाही मोठं कारण आहे.

काचेला बाहेरचा विद्युत-गोंगाट बाधत नाही. तांब्याला बाधतो. नोडवरच्या एखाद्या घरात कनेक्टर ढिला असेल किंवा तार सोललेली असेल, तर तिथून शिरलेला गोंगाट परतीच्या वाटेवर सगळ्यांचाच जमा होतो आणि शेजाऱ्यांचाही अपलोड कोलमडतो. असा बिघाड शोधायला कंपनीला घरोघर फिरावं लागतं, आणि तो आपोआप येतो-जातो म्हणून तक्रारीत पकडताही येत नाही.

फायबरचं दुखणं दुसरं आहे. खोदकामात तुटलं की तुटलं. जोडायला खास यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो, त्यामुळे दुरुस्ती किती तासांत होईल हे त्या कंपनीकडे अशी किती पथकं आहेत यावर ठरतं. घरातही फायबर कपाटामागे दाबून, कोपऱ्यात काटकोनात वळवून ठेवलं की प्रकाश गळतो आणि सिग्नल कमजोर होतो.

दोन्हींची तब्येत घरबसल्या बघता येते. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये दिसते. जीपॉनला ती उणे ८ ते उणे २७ च्या मधे हवी. उणे १५ ते उणे २४ असेल तर निर्धास्त राहा, उणे २७ च्या पलीकडे जात असेल तर लाइन अधूनमधून तुटणारच. केबल मोडेमच्या पानावर डाउनलोडची पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही आणि सिग्नल-गोंगाट प्रमाण ३३ डीबीच्या वर असेल तर ठीक. दुरुस्त न होऊ शकलेल्या चुकांचा आकडा तासातासाला वाढत असेल तर ठीक नाही, मग बाकी आकडे काहीही म्हणोत. या पानाचा स्क्रीनशॉट तक्रारीसोबत पाठवला की ‘राउटर बंद करून चालू करा’ हा पहिला अंक टळतो.

चौथी पायरी: किमतीचा खरा हिशेब

महिन्याचा दर बाजूला ठेवा आणि एका ठरावीक काळाचा, समजा २४ महिन्यांचा, एकूण खर्च काढा. त्यात येतं ते असं: सवलतीच्या महिन्यांचे पैसे, सवलत संपल्यानंतरच्या महिन्यांचे पैसे, जोडणीचा खर्च, मोडेम किंवा राउटरचं भाडं, कर, आणि परत न मिळणारी कोणतीही रक्कम. परत मिळणारी अनामत बेरजेत धरू नका, पण ती परत कशी मिळते ते विचारून ठेवा.

उदाहरण घेऊ. आकडे काल्पनिक आहेत. कोणतंही चलन धरा. केबलचा प्लॅन ३०० डाउनलोड, २० अपलोड. पहिले १२ महिने ८०, नंतर १२०, मोडेमचं भाडं दरमहा १०, जोडणी फुकट. फायबरचा प्लॅन २०० डाउनलोड, २०० अपलोड. सगळे महिने १००, जोडणीचे १५०, ओएनटीचं भाडं नाही.

जाहिरात बघितली तर केबल ८० मध्ये ३०० देते आणि फायबर १०० मध्ये २००. निकाल लागल्यासारखाच. आता २४ महिन्यांची बेरीज करा. केबल: ९६० अधिक १४४० अधिक २४० म्हणजे २६४०, महिन्याला ११०. फायबर: २४०० अधिक १५० म्हणजे २५५०, महिन्याला १०६ च्या आसपास. स्वस्त वाटणारा प्लॅन महाग निघाला.

पुढचं पाऊल म्हणजे रात्रीचा वेग. समजा शेजाऱ्यांच्या मोजमापावरून कळलं की केबलवर रात्री १४० डाउनलोड आणि ८ अपलोड मिळतो, फायबरवर १९० आणि १८५. जाहिरातीप्रमाणे दर एमबीपीएसला केबलचा भाव सुमारे ०.२७ आणि फायबरचा ०.५० होता. प्रत्यक्षातला भाव केबलचा ०.७९ आणि फायबरचा ०.५६.

दर एमबीपीएसचा भाव काढायचा तो समान पातळीवरच्या दोन प्लॅनची तुलना करायला. त्यावरून वरचा प्लॅन घेऊ नका. कारण या मापाने गिगाबिट प्लॅन बहुतेकदा सर्वांत स्वस्त ठरतो, आणि जे एमबीपीएस आपण वापरतच नाही त्यांचा भाव कितीही कमी असला तरी ते पैसे वायाच. आधी दुसऱ्या पायरीतली गरज भागवणारे प्लॅन निवडा, मग त्यांच्यातच भावाची शर्यत लावा.

बारीक अक्षरांत आणखी दोन गोष्टी शोधा. एक, मुदतीआधी सोडल्यास दंड किती. दुसरी, डेटाची मर्यादा. ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या प्लॅनमध्येही ठरावीक डेटा वापरल्यावर वेग उतरवण्याची तरतूद असू शकते. वापराचा अंदाज सोपा आहे: ५ एमबीपीएसचं चित्र तासाला सव्वादोन जीबी खातं, १५ एमबीपीएसचं पावणेसात जीबी. रोज चार तास फुल एचडी बघणारं घर महिन्याला २७० जीबी वापरतं. तेच फोर-के झालं तर ८१०. मर्यादेनंतरचा वेग किती हेही विचारा. २० एमबीपीएस असेल तर घर चालतं, १ असेल तर महिन्याचा शेवट अवघड जातो.

पाचवी पायरी: कंपनीला लेखी विचारा, शेजाऱ्यांना तोंडी

काही ठिकाणी कायद्याने हे काम सोपं केलं आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानुसार घरगुती जोडणीच्या करारात किमान, नेहमी मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला असे चार वेग लिहावे लागतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाहिरातीत तोच वेग दाखवता येतो जो रात्री आठ ते दहाच्या गर्दीत किमान निम्म्या ग्राहकांना मिळतो. अमेरिकेत २०२४ पासून प्रत्येक प्लॅनसोबत किंमत, शुल्कं, नेहमीचा वेग, पिंग आणि डेटामर्यादा दाखवणारी एकसारखी पट्टी द्यावी लागते. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, हेच रकाने कागदावर आखा आणि प्रत्येक कंपनीकडून ईमेलवर भरून घ्या. फोनवर ‘हो हो, मिळेल’ म्हणणारा माणूस ईमेलवर ‘साधारणतः’ लिहू लागतो, आणि आपल्याला हवी असलेली माहिती तीच.

विचारायचंच आहे तर सार्वजनिक आयपीबद्दलही विचारा. पुष्कळ कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे ठेवतात. याला सीजी-नॅट म्हणतात. पानं बघायला आणि सिनेमाला काही फरक पडत नाही. पण बाहेरून घरच्या संगणकात शिरायचं असेल, स्वतःचा सर्व्हर किंवा रेकॉर्डर चालवायचा असेल, काही गेममध्ये यजमान व्हायचं असेल, तर अडतं. आहे त्या लाइनवर तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर वॅन पत्ता (कंपनीकडून राउटरला मिळालेला आयपी) बघा: तो १००.६४ ते १००.१२७ या गटातला असेल तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागे आहात. स्वतंत्र आयपीचे जादा पैसे लागत असतील तर तेही २४ महिन्यांच्या बेरजेत घाला.

शेजाऱ्यांना विचारताना ‘नेट कसं आहे?’ असं विचारू नका. उत्तर माणसाच्या स्वभावावर अवलंबून असतं. रात्री नऊला वायरवर चाचणी करून आकडा पाठवा म्हणा. त्याच इमारतीतले किंवा त्याच गल्लीतले शेजारी हवेत, कारण नोड आणि विभाजक तेच असण्याची शक्यता जास्त. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मित्राचा त्याच कंपनीचा उत्तम अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. आणि एक प्रश्न आवर्जून: मागच्या वेळी कनेक्शन बंद पडलं तेव्हा किती वेळात सुरू झालं? दोन कंपन्यांमधला ५० एमबीपीएसचा फरक आठवड्यात विसरायला होतो, तीन दिवस बंद पडलेलं नेट वर्षभर विसरत नाही.

मग कधी काय?

दोन वर्षांचा खर्च सारखा असेल आणि फायबर खरोखर घरापर्यंत येत असेल, तर फायबर घ्या. अपलोड, पिंग आणि वीज गेल्यावर चालू राहणं, या तिन्हींत ते पुढे आहे. फायबर थोडं महाग असेल आणि घरात कुणी घरून काम करत असेल, कॅमेरे असतील, मोठ्या फाइली चढवाव्या लागत असतील, तरीही फायबरच.

केबल घ्यायची ती अशा वेळी: घर भाड्याचं आहे, नवीन तार ओढायला परवानगी नाही आणि केबल आधीच आलेली आहे, मुक्काम थोड्या महिन्यांचा आहे आणि जोडणीचा खर्च वसूल होणार नाही, नोड नव्याने सुधारलेला आहे आणि शेजाऱ्यांचे रात्रीचे आकडे उत्तम आहेत, किंवा घरात नेटचा वापर मुख्यतः बघण्यापुरताच आहे. दुरुस्तीला वेळेवर येणारी साधी केबल कंपनी, फोन न उचलणाऱ्या फायबर कंपनीपेक्षा कधीही परवडली.

बदलताना

जुनं कनेक्शन तोडून नवीन घेऊ नका. दोन्ही किमान दोन आठवडे एकत्र ठेवा आणि शक्य असेल तर नवीन कनेक्शन आधी एका महिन्याच्या प्लॅनवर घ्या. वार्षिक सवलतीचा मोह पहिल्याच दिवशी आवरावा; चांगलं निघालं तर ती सवलत सहसा दुसऱ्या महिन्यातही मिळते. नवीन लाइनवर पहिल्या पायरीतलीच मोजमापं, त्याच वेळी, त्याच यंत्रावर करा. निदान एक रविवारची रात्र त्यात यायला हवी.

जोडणी करणारा माणूस घरात असतानाच तीन कामं उरकून घ्या. ओएनटी किंवा मोडेमच्या पानावरची सिग्नलची पातळी त्याच्यासमोर बघा. वायरवर चाचणी करा. आणि राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्या जागी बसवायला सांगा, त्यासाठी तार थोडी जास्त ओढावी लागली तरी. तार जिथून आत शिरते तिथेच, दाराजवळ किंवा कपाटात राउटर ठोकून जाण्याची त्यांची सवय असते, आणि नंतर वायफायची बूस्टरं घेण्यात आपले पैसे जातात. कंपनीने दिलेला राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर तो बदलून मागा. दाट वस्तीत त्या पट्ट्यात एवढी गर्दी असते की २०० चा प्लॅन मोबाइलवर ४० चा दिसतो. ५ गिगाहर्ट्झची पोच कमी, पण वेग पुष्कळ. टीव्ही आणि संगणक मात्र शक्य असेल तिथे वायरनेच जोडा.

जुन्या कंपनीला सोडण्याआधी तिच्याकडे तुमचे रात्रीचे आकडे आणि नव्या कंपनीचा लेखी प्रस्ताव पाठवून बघायला हरकत नाही. ग्राहक जाताना दिसला की दर उतरतो. पण नुसता दर उतरला आणि रात्रीचा वेग तोच राहिला तर त्या सौद्याला अर्थ नाही, कारण नोडवरची गर्दी सवलतीने कमी होत नाही.

जुन्या कंपनीचा ईमेल पत्ता किंवा लँडलाइन नंबर बँकेत नोंदवलेला असेल तर आधी तो बदला. मग कनेक्शन बंद करण्याची मागणी लेखी करा, स्वयंचलित पैसे कापले जाण्याची परवानगी बँकेतून काढून टाका, आणि मोडेम परत करताना त्याच्या मागचा अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या. अनामत जमा होईपर्यंत ती पावती आणि तो ईमेल जपून ठेवा.